शंकरच्या अर्जातले चार कागद

त्या दिवशी सकाळपासून धुकं पडलं होतं. पौषातलं दाट धुकं. पंचगंगेवरनं उठून गावात शिरलेलं, आणि त्यात गुऱ्हाळांचा धूर मिसळलेला. बोर्डिंगच्या दारात उभं राहिलं तर समोरचं चिंचेचं झाड दिसत नव्हतं, नुसता गुळाचा वास येत होता. दहा वाजले तरी सूर्याचा पत्ता नाही! अशा हवेत आपल्या हातून काय होतंय ते माणसाला नीट दिसत नाही, असं मी पुढं पुष्कळ दिवस मनाला सांगत आलो. पण धुकं बाहेर होतं. स्वैपाकघरात दिवा लावलेला होता, आणि मला सगळं दिसत होतं.

त्या दिवसाचं येईलच पुढं. एकदम त्यावर जायला मला अजून अवघड वाटतं, म्हणून आधी इकडचं तिकडचं सांगतो.

बोर्डिंगच्या आचाऱ्याकडं किस्से साठतात ते असे. साठ पोरं दोन वेळा पंगतीला बसतात. जेवताना पोरं बोलतात, आणि वाढणाऱ्याला कान असतात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. वीस-बावीस वर्षं मी वाढलं. कोण कुणाला काय बोललं, कोण कशात नापास झालं, सगळं माझ्याजवळ जमा. मी धोंडीबा, पण पोरं मला मामा म्हणायची. शाळेची पायरी मी चढलेलो नाही. अक्षरं शिकलो ती कामावरनं उतरल्यावर, एकेक करून. आधी शिकलो असतो तर ह्यातला निम्मा किस्सा घडलाच नसता!

•

शंकर मगदूम गडमुडशिंगीचा. आईबाप प्लेगात एका आठवड्यात गेले. चुलत्यानं सांभाळलं, आणि महाराजांच्या राज्यात गावोगावच्या पोरांसाठी बोर्डिंगं निघाली तसं त्याला आणून आमच्या दारात सोडलं. चुलता मास्तरांना म्हणाला, "पोरगं गरीब हाय. खातंय मात्र बक्कळ. डोक्याचं काय सांगता येत न्हाय."

मास्तर म्हणजे आमचे सुपरिंटेंडेंट. ते म्हणाले, "डोक्याचं आम्ही बघू."

डोक्याचं पहिल्याच वर्षी कळलं. इंग्रजी तिसरीत नापास!

आमच्याकडं एक रीत पडून गेली होती. नापास झालेलं पोर त्या दिवशी पंगतीला बसत नसे. नियम कुणी केला नव्हता, पण पाळायचे सगळे. पोरानं खोलीत डोक्यावरनं पांघरूण घेऊन पडायचं, मी त्याचं ताट झाकून ठेवायचं, आणि सगळे उठून गेल्यावर त्यानं गुपचूप येऊन जेवायचं. तिसरीच्या वेळी शंकर लहान होता, त्यानं ही रीत पाळली.

मोठा होऊन मॅट्रिकला बसला. निकाल आला. नापास! मी ताट झाकायला घेतलं, तर हा आला तो थेट पंगतीत पहिल्या पाटावर. म्हणतो कसा, "मामा, झुणक्याचा वास रस्त्यापतुर आलाय. वाढा की!"

शेजारी हिंदुराव बसला होता, त्याच्याच वर्गातला. तो म्हणाला, "आरं शंकऱ्या, नापास झालास न्हवं तू?"

"व्हय की. गणितात. झुणक्यात न्हाय!"

पंगत अशी हसली की मास्तर उठून बघायला आले. मला हसू आलं नाही. माझा वाढता हात आखडला. मला वाटलं, ह्या पोराला लाज कशी नाही?

दुसऱ्या वर्षी पुन्हा मॅट्रिक, पुन्हा नापास, आणि पुन्हा पहिला पाट! त्या दिवशी मी त्याला आग्रह केला नाही. भाकरी मागितली तेव्हा वाढली, झुणका पळीच्या टोकानं घातला. त्याच्या ते लक्षात आलं नसेल असं मी धरून चाललो.

•

तिसऱ्या खेपेला मॅट्रिक सुटली, आणि पोरगं जे उधळलं ते थांबलंच नाही. पुण्याला जाऊन शेतीचं शास्त्र शिकला. पदवी घेतली, तीही वरच्या नंबरात. परत आला तो कोल्हापुरातल्या एका शाळेत मास्तर झाला आणि राहायला पुन्हा आमच्याच बोर्डिंगात, लहान पोरांचा अभ्यास घ्यायच्या बोलीवर. पण मन शाळेत नव्हतं. मन मातीत होतं. ह्या गावचा ऊस गोड का, त्या गावचा गूळ काळा का पडतो, असलं सारखं चालायचं.

स्वैपाकघराच्या मागच्या ओट्यावर त्यानं सात करवंट्या मांडून ठेवल्या होत्या. सातांत सात गावांची माती. मला काय ठाऊक? मला वाटलं, भांडी घासायला कुणी माती आणून ठेवली. राख परसातल्या भाजीला टाकून संपलेली होती, म्हणून आठ दिवस मी जेवायच्या पितळ्या त्याच मातीनं घासल्या!

शंकर रविवारी बघतो तर दोन करवंट्या रिकाम्या. मी चुलीपाशी. मला कळेना तोंड कुठं लपवावं. "शंकर, चुकलो बाबा," म्हणालो. "किती लांबनं आणली असशील."

तो माझ्यापुढं उकिडवा बसला. दोन पितळ्या उचलून उजेडात धरल्या. मग अगदी गंभीरपणानं विचारलं, "मामा, खरं सांगा. पितळ कुठल्या मातीनं चांगलं निघालं? राधानगरीच्या तांबड्या, का आमच्या मुडशिंगीच्या काळ्या?"

"तांबड्या," मी म्हणालो. "काळी नुसती चिकटती."

त्यानं खिशातनं वही काढली आणि ते लिहून घेतलं! मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्यानं ओढलेली रेघ मी बघितली. थट्टेत कुणी इतकी सरळ रेघ ओढत नाही.

•

मग दरबारची स्कॉलरशिप निघाली. परदेशी जाऊन, चार वर्षं संशोधन करून, डॉक्टर व्हायचं. रोग्यांचा डॉक्टर नव्हे. विद्येतली सगळ्यात वरची पायरी असते म्हणे ती. शंकरला अमेरिकेला जाऊन मातीवर आणि उसावर काम करायचं होतं. जागा एकच. अर्ज करायचं वयही सरत आलेलं, म्हणजे ह्या साली नाही तर कधीच नाही.

अर्जाचा नियम असा होता की पहिल्यापासून काय शिकलात, कुठं पास, कुठं नापास, सगळं दाखल्यांनिशी जोडायचं. शंकर स्वैपाकघरात दिव्याला बसून लिहायचा, आणि भोवती सल्लागारांची पंगत!

हिंदुराव तेव्हा वकिली शिकत होता. तो म्हणाला, "नापासाचं कशाला जोडतोस? कोण उकरून काढतंय?"

"नियम हाय."

"मग त्याखाली लिही, प्रकृती बिघडली होती."

"तीनदा बिघडली?" शंकर म्हणाला. "मग अमेरिकेला कशाला, दवाखान्यात पाठवतील!"

मलाही राहवलं नाही. मी पीठ मळता मळता म्हणालो, "आमच्या थोरलीला बघायला पावणं आलते, तवा आम्ही तिला खिडकीच्या ह्या अंगाला बसवली. तिच्या डाव्या डोळ्यात जरा तिरपं हाय न्हवं, म्हणून."

शंकरनं मान वर केली. "मग त्यास्नी कळलं न्हाय?"

"कळलं की. हळदीच्या दिवशी."

"मग?"

"मग काय? नांदतीया की! चार लेकरं हायत."

सगळे खो खो हसले. शंकरही हसला, आणि दौतीत टाक बुडवून म्हणाला, "मामा, माझं लगीन न्हाय ठरवायचं हो."

मी पुन्हा पीठ मळायला लागलो. पण माझ्या डोक्यातनं ते गेलं नाही. बघायला येणाऱ्याला आधी चांगली बाजू दाखवायची, एवढंच मी जन्मभर शिकलो होतो.

•

आता तो धुक्याचा दिवस.

अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता. नेमकी त्याच सकाळी शंकरच्या शाळेत तपासणी. त्यानं कागद रुमालात बांधले, माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "मामा, बारा वाजायच्या आत कचेरीत पोचवा. ह्यात माझा जीव हाय."

तो गेला. मी तांदूळ निवडायला बसलो होतो. सूप पुढ्यात, रुमाल शेजारी. एक खडा काढला, दोन काढले. आणि माझा हात आपोआप रुमालाच्या गाठीकडं गेला.

वाचता येत नव्हतं, पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. पोरांचे नापासाचे दाखले मी वीस वर्षं बघत आलो होतो. त्यावर लाल शाई असते. काळी शाई चांगली, लाल वाईट. मी एकेक कागद दिव्यापुढं धरला. काळा, काळा, काळा, लाल. लाल तो बाजूला. असे चार निघाले. तीन दाखले मला आकारावरनंच ओळखू आले. चौथ्यावर तर वरपासून खालपर्यंत लालच लाल. मला वाटलं, अरे देवा, हा तर सगळ्यात मोठा नापास! आपल्याला ह्यानं हे सांगितलं सुद्धा नाही!

जाळायचं मनात आलं नाही. लिहिलेला कागद चुलीत घालायचा नाही, त्याला पाय लागला तर कपाळाला लावायचा, हे आईनं शिकवलेलं. म्हणून मी ते चारी कागद घडी करून साठवणीच्या तांदळाच्या मोठ्या पिंपात, पार तळाशी सरकवले. वर तांदूळ सारखे केले. रुमालाची गाठ होती तशी मारली आणि धुक्यातनं चालत कचेरीत जाऊन अर्ज देऊन आलो.

येताना मी गुणगुणत होतो. आजही ते आठवलं की एकटा असलो तरी मान खाली जाते.

•

पंधरा दिवसांनी कचेरीचा लखोटा आला. मास्तरांनी पंगतीतच फोडला, सगळ्यांदेखत, आनंदाची बातमी असेल म्हणून.

लिहिलं होतं ते असं, की अर्जात नोंदलेल्या कागदांपैकी चार मिळालेले नाहीत. तीन नापासाचे दाखले आणि प्रोफेसरांचं शिफारसपत्र. अर्जदारानं आपलं मागचं झाकण्यासाठी ते मुद्दाम गाळले काय, ह्याचा खुलासा येत्या सोमवारी समक्ष येऊन करावा, नाहीतर अर्ज रद्द.

माझ्या हातात आमटीची पळी होती. प्रोफेसरांचं पत्र?

शंकर पांढरा पडला. "प्रोफेसर तर गेले," तो म्हणाला. "बोटीत बसून मायदेशी गेले. मागच्याच महिन्यात. आता कुठनं आणू?"

हिंदुराव म्हणाला, "पत्र नीट जोडलं होतंस न्हवं? दिसायला कसं हाय? हुडकू की."

"लालच शाईनं लिहिलेलं. त्यांच्या टेबलावर दुसरी शाईच नसायची. जन्मभर पेपर तपासले माणसानं!"

पोरं हसली. मी आमटी पाटावर सांडली.

मास्तरांनी शंकरला धारेवर धरलं. "झाकायचं होतं तर नोंद कशाला केलीस? आणि नोंद केलीस तर जोडलं का नाहीस? बोर्डिंगचं नाव घालवलंस!" शंकर नुसता म्हणाला, "मीच कुठं तरी विसरलो असणार."

मीच, म्हणाला. माझ्यावर त्याचा संशयसुद्धा गेला नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. आत गेलो आणि भाकरी थापायला लागलो. गरजेपेक्षा तीस भाकरी जास्त झाल्या!

•

तीन दिवस मी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बाबालालकडं जाऊन बसलो. बाबालाल जिल्दगार, पुस्तकं-वह्या बांधायचा. आमच्या भिंतीला त्याची भिंत. तो सुईदोरा घेऊन वही शिवत होता.

मी म्हणालो, "बाबालाल, समजा एक माणूस दुसऱ्याचं भलं करायला गेला आणि..."

"आणि?"

"आणि त्याच्या हातनं नुकसान झालं. समजा, त्या दुसऱ्याला ठाऊकच न्हाय कुणी केलं ते. तर समजा, त्या माणसानं..."

बाबालालनं दोरा दातानं तोडला. "समजा समजा काय लावलंय, धोंडीबा? कवा केलंस ते सांग!"

मी सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. त्यानं सुई टोचून ठेवली आणि म्हणाला, "सोमवार परवा हाय. उठ."

•

उठलो, पण पिंपात हात घालेपर्यंत सोमवारची सकाळ उजाडली! इतका मी भित्रा.

शंकर जेवला नव्हता. कोट घालून ओट्यावर बसून होता. मी पिंप आडवं केलं, तांदूळ चटईवर ओतले आणि तळातनं कागद काढले. काढले आणि बघतच राहिलो. किडे लागू नयेत म्हणून आम्ही तांदळाला एरंडेल चोळून ठेवायचो. मीच चोळलं होतं, दिवाळीच्या आधी. ते तेल तळाशी उतरून चारी कागदांनी पिऊन टाकलं होतं. कागद असे झाले होते की इकडून धरला तर पलीकडची भिंत दिसावी! लाल शाई फुटली नव्हती एवढंच नशीब.

मी ते दोन्ही हातांवर घेऊन शंकरपुढं गेलो. त्यानं कागद बघितले. वास घेतला. माझ्याकडं बघितलं.

"तांदळात?" तो म्हणाला.

"तळाला," मी म्हणालो. "लाल दिसलं म्हणून काढलं, बाबा. नापास दिसू ने म्हणून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं टॉवेल आणला आणि कागदाला लागलेले तांदळाचे दाणे एकेक करून टिपून काढले. मग म्हणाला, "चला मामा. तुम्हीबी चला."

•

कचेरीतल्या खोलीत तीन साहेब बसले होते. मला दाराशी उभं केलं. शंकरनं ते कागद टेबलावर ठेवले. मधल्या साहेबांनी एक उचलला, आणि लगेच बोटं रुमालाला पुसली.

"ह्याला एरंडेलाचा वास का येतो आहे?"

शंकर कागदांच्या कडा जुळवायला लागला. मला कळलं की हा माझं नाव सांगणार नाही. दारातनंच मी हात जोडले. "सरकार, ते मी केलं. त्याचा काय दोष न्हाय. मी आचारी. नापासाचं कागद मी तांदळात लपवलं."

"तुला वाचता येतं?"

"न्हाय जी."

"मग नापासाचे कोणते ते कसं कळलं?"

"लाल शाईवरनं, सरकार."

डावीकडचे साहेब हसायला लागले. मधल्यांनी चौथा कागद उचलला. पारदर्शक झालेला, त्यामुळं मागनं उजेड धरून वाचावा लागला. वाचता वाचता ते थांबले. मग मोठ्यानं, माझ्याकडं बघत, त्याचा अर्थ मराठीत सांगितला:

"प्रोफेसर लिहितात, ह्या विद्यार्थ्यानं प्रयोग चुकला तर तो कधी लपवला नाही. चुकीचा आकडा खोडून न टाकता शेजारी बरोबर आकडा लिहिणारा असा दुसरा मुलगा मी पाहिला नाही."

आणि हेच पत्र मी लपवलं होतं! जमिनीत गडप व्हावं वाटलं.

तिसरे साहेब इतका वेळ बोलले नव्हते. त्यांनी तेलकट दाखले पुढं ओढले. "तिसरीत नापास. का?"

"त्या साली आईवडील गेले, साहेब."

"मॅट्रिकला दोनदा?"

"त्याला कारण न्हाय," शंकर म्हणाला. "गणित आलं न्हाय. दुसऱ्यांदा तर अभ्यासच कमी पडला. गाढवपणा माझा."

"ह्या दाखल्यांची तुम्हांला लाज वाटत नाही?"

"वाटती की, साहेब. अजून वाटती. म्हणून तर जोडले. लपवले असते तर आणखी एका गोष्टीची वाटली असती."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर चपला शोधत राहिलो, आणि त्या माझ्या पायातच होत्या!

•

परत येताना आम्ही दोघं चालत आलो. रंकाळ्याच्या अंगाला वळल्यावर शंकर सहज बोलावं तसं म्हणाला, "मामा, मी नापास झालो की झुणका वाढताना तुमचा हात आखडायचा. मला वाटायचं, झुणका कमी पडला असंल."

मी पायाकडं बघत चाललो होतो.

"झुणका कमी नव्हता न्हवं? तुम्हाला माझी लाज वाटायची."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. विचारत होता, करवंट्यांतल्या मातीचं विचारलं होतं तसंच. मला एवढंच म्हणायचं होतं की वाटायची, पण तुझी नव्हे रे, मला म्हणजे... आणि पुढं काय म्हणायचं होतं ते मला आजही सापडलेलं नाही.

मी म्हणालो, "पाणी तापत ठेवायचंय. बिगी बिगी चल."

तो चालला. मीही चाललो.

•

महिन्यानं स्कॉलरशिप मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्या रात्री पंगतीत पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा घाट घातला. "मामांनी एरंडेल लावलं म्हणून अर्ज सुळकन आत गेला!" असं हिंदुराव ओरडला. सगळे हसले, शंकर सगळ्यांत जास्त. मी लाडू वाढले. त्याच्या ताटात दोन घातले, तिसरा घालायला गेलो तर तो म्हणाला, "बास मामा, बास." मला वाटलं, आता मी कितीही वाढलं तरी उपयोग नाही.

•

शंकर निघाला तो दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचा. सगळं बोर्डिंग स्टेशनवर निघालं. मास्तर डोक्याला जरीचा रुमाल बांधून तयार. गावाकडनं चुलता आलेला. शंकरच्या शाळेचे हेडमास्तर हार घेऊन आलेले. पोरं दोन टांग्यांना लोंबकळत होती.

शंकर स्वैपाकघरात आला. "मामा, चला."

"तू हो पुढं," मी म्हणालो. "दशम्या भाजायच्या हायत तुझ्या वाटंच्या."

"येणार न्हवं?"

"येतो की."

दशम्या झाल्या. धडप्यात बांधल्या. अंगरखा घातला, पटका बांधला, दारापर्यंत गेलो. तिथनं पाऊल पुढं पडेना. इतक्या लोकांत जाऊन मी त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं उभा राहू? बाबालाल स्टेशनवर निघाला होता. दशम्यांची पुरचुंडी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "त्याला दे. म्हणावं, मामा मागनं येतोय."

"येतोयस न्हवं?"

"येतोय."

तो गेला. मी पटका सोडून खुंटीला अडकवला आणि चुलीपाशी बसून राहिलो. लांबनं गाडीची शिट्टी ऐकू आली. थोड्या वेळानं दुसरी आली.

दुपारी बाबालाल आला. दारात चपला काढल्या. मी पाणी दिलं. त्यानं तांब्या तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला आणि खाली ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "काय तमाशा झाला म्हणून सांगू, धोंडीबा! तुझा मास्तर हुबा, चुलता हुबा, हेडमास्तर हुबा. समदी थोर माणसं वळीनं पाय जुळवून हुबी, पोरगं पाया पडंल म्हणून. आन् पोरगं डब्याच्या दारात. मास्तर म्हणालं, शंकर, शिट्टी झाली, पाया पड. तर म्हणतोय कसा, थांबा जरा, पैल्यांदा ज्यांच्या पडायचं ते मागनं येत्यात. दुसरी शिट्टी झाली. मास्तर वरडाय लागलं. गाडी हलली की रं! चुलता बिचारा तसाच पाय जुळवून हुबा. कुणाच्याच पाया न पडता गेलं बघ पोरगं."